दारातली कुंडी

मोबाइल उलटे घालून ठेवा रे. तो उजेड डोळ्यांत येतो आणि मला तुमची तोंडं दिसत नाहीत. आणि तुषार, मधेच ‘काका, ये तो सायन्स है’ म्हणालास तर उठून आत जायचं. सायन्स मलाही ठाऊक आहे. ही गोष्ट आपल्या सिलमपुऱ्यातलीच आहे, आणि जिच्यावर बेतली ती बाई अजून रोज सकाळी दूध घ्यायला दारात येते.

तीन वर्षांमागची दिवाळी. लक्ष्मीपूजनाचा दिवस. मथुराबाईंनी सकाळीच थोरल्या सुनेला, वैशालीला, बाजारात धाडलं. नवी केरसुणी आणायची, लाह्या-बत्तासे आणायचे आणि येता येता रांगोळीचा काळा रंग. वैशाली पिशवी घेऊन गांधी चौकात गेली. केरसुणी पारखून घेतली, लाह्या घेतल्या. काळ्या रंगापाशी मात्र तिचा हात अडखळला. सणासुदीला दारात काळं? पण तो रंग तिच्यासाठी नव्हताच. तो धाकट्या जावेसाठी होता, पूर्णिमासाठी.

आता हे समजून घ्या. वैशाली लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घराच्या दारातली रांगोळी तिची. ठिपक्यांची, वेलीची, कासवाची. चिमटीतून सुटलेली रेघ कधी जाड झाली नाही की तुटली नाही. बायका वाट वाकडी करून बघायला यायच्या. घरात तिचं बाकी कुणी फारसं ऐकत नसे, पण त्या चार फरशांवर तिचं राज्य होतं. मग नेपानगरची पूर्णिमा सून म्हणून आली. पोरगी मोबाइलवर बघून थ्रीडी रांगोळी शिकलेली. गणपतीत तिने मांडवासमोर एक तुटकी पायरी काढली, तर चांगले धडधाकट गडी पाय उचलून पलीकडे टाकायला लागले. झालं. ज्याच्या त्याच्या तोंडी पूर्णिमा. नव्याचे नऊ दिवस, असं वैशाली स्वतःला समजावत होती. पण पोरीला घरात येऊन नऊ महिने झाले तरी नवं काही जुनं होईना.

आणि त्या दिवाळीला, बाजारात धाडतानाच, सासू म्हणाली, “वैशाली, औंदा दारातली रांगोळी पूर्णिमाला काढू दे. उद्या सकाळी मंडळाचे लोक येऊन राहिले रांगोळ्यांचे नंबर काढायला.”

“हो आई,” वैशाली म्हणाली. तोंडाने हो म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. परतल्यावर पूर्णिमाने हसून काळ्या रंगाची पुडी हातातून घेतली, “थँक्यू ताई” म्हणाली, तेही हिला सोसलं नाही. वाईट असती तर बरं झालं असतं. पोरगी वाईट नव्हती, हीच मोठी पंचाईत होती.

पूर्णिमाने दिवसभर खपून कुंडी काढली. लालबागकडच्या जुन्या, विहिरीसारख्या कुंड्या पाहिल्यात ना तुम्ही? वाकून बघितलं की गोल दगडी भिंत आणि खूप खाली पाणी. तशी. बाजूने पाहिलं तर नुसता लांबलचक वाकडा पट्टा. पण फाटकापाशी तिने खडूने दोन पावलं आखली होती. त्या पावलांवर उभं राहिलं की अंगणाला भोकच पडायचं.

“व माय!” मथुराबाई ओरडल्या. “पोरीनं त दारातच कुंडी खोदली! आणि पाण्यात ही बाई कोण व? ही त आमची गेलेली शेवंताआक्का!”

विनायक, म्हणजे वैशालीचा नवरा, त्याला ती त्याची आत्या वाटली. शेजारच्या कडूभाऊंना तर आई दिसली, आणि म्हातारा डोळे पुसत घरी गेला.

पूर्णिमा हसत होती. “चेहरा मी काढलाच नाही, आई. दो बिंदी और एक रेघ. बाकी जो बघेल त्याचा दिमाग भरून घेतो. डोळ्यांना रिकामी जागा चालतच नाही ना! ताई, तुम्ही या. तुम्हाला कोण दिसतं?”

वैशाली पावलांवर उभी राहिली. सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत होती. तिला दोन ठिपके दिसले. एक रेघ दिसली. बस.

“मला काही दिसत नाही,” ती म्हणाली. “रंग मात्र चांगला आणलाय मी.”

लोक हसले. तीही हसली. पण गल्लीतल्या पोरासोरांना जे दिसलं ते आपल्यालाच दिसू नये, हे तिच्या मनाला फार लागलं. ती आत जाऊन करंज्यांचे डबे उगाच इकडचे तिकडे करत बसली.

त्या घरात एक रीत आहे. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री थोरल्या सुनेने नवी केरसुणी घेऊन घर झाडायचं आणि अलक्ष्मी दाराबाहेर काढायची. कुणी विचारायचं नाही, कुणी अडवायचं नाही. वैशालीने तेच धरलं. झाडत झाडत बाहेर जायचं. केरसुणी अंगणातही फिरवायची. सकाळी म्हणायचं, अंधारात कळलं नाही हो आई. हे वाक्य तिने स्वयंपाकघर झाडताना दोनदा मनाशी म्हणून पाहिलं.

घर निजलं होतं. फटाके थांबले होते. तिने कडी काढली. उंबऱ्यावर एकच पणती जळत होती.

ती दारात उभी होती, म्हणजे फाटकाच्या बरोबर उलट्या बाजूला. इथून नुसता पट्टा दिसायला हवा होता.

इथूनही ती गोल दिसत होती. खोल दिसत होती.

डोळ्यांचा खेळ आहे, ती स्वतःशी म्हणाली. पूर्णिमानेच सांगितलं होतं, मान हलवली की चित्र फुटतं. चित्र जागचं हलत नाही, खरी वस्तू असली तरच तिचा मागचा भाग पुढच्या भागाआड जातो. वैशालीने मान डावीकडे केली.

पलीकडचे दगड... हळूच... काठाआड गेले.

तिने मान उजवीकडे केली. ते परत आले.

तिला मागे फिरता आलं असतं. पोरांनो, इथे तिला मागे फिरता आलं असतं. पण सकाळी मंडळाचे लोक येणार, पूर्णिमाच्या गळ्यात हार पडणार, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने दात आवळले आणि केरसुणी मारली.

फरशीवर खर्र असा आवाज यायला हवा होता.

आला नाही.

केरसुणी मुठीपर्यंत आत गेली. खालून गार हवा आली. तिने पणती उचलून पुढे धरली, तर तळाशी दुसरी ज्योत हलली. आणि त्या ज्योतीच्या उजेडात...

दिसली. या वेळी दिसली.

दोन ठिपके नव्हते. डोळे होते. चेहरा वैशालीचाच होता. पण पाण्यात आपण वाकलो की प्रतिबिंब वाकतं, हे वाकलेलं नव्हतं. ती खाली उभी होती, मान ताठ वर करून. आणि वैशालीकडे बघत होती. दिवसभर वैशाली पूर्णिमाकडे जशी बघत होती ना... तशी.

वैशालीला ती नजर सोसवेना. पुसून टाकायचं. हाताने नाही तर पायाने. तिने उजवा पाय उंबऱ्याखाली टाकला.

पाय टेकला नाही.

खालचं गार पाणी वर आलं होतं. घोट्यापर्यंत. पोटरीपर्यंत.

आणि मग... पाण्याखाली... घोट्याभोवती बोटं.

“ताई?”

पूर्णिमा होती. पणती रात्रभर तेवत ठेवायची म्हणून तेल घालायला उठली होती. तिने खांद्याला धरून ओढलं. वैशाली उंबऱ्यावर बसली होती, केरसुणी हातात, डोळे उघडे. समोर रांगोळी जशीच्या तशी. एक रेघ विस्कटली नव्हती.

“इथे का बसून राहिल्या ताई? आणि पाय ओला कसा?” असं म्हणत त्या पोरीने खाली बसून आपल्या पदराने तिचा पाय पुसला. वैशालीने नंतर तुमच्या काकूला सांगितलं, की बोटांपेक्षा ते पुसणं जास्त झोंबलं.

सकाळी पूर्णिमाचा पहिला नंबर आला.

आणि वैशालीच्या पोटरीवर एक पांढरी रेघ आली. पाणी जिथवर चढलं होतं तिथे, गोल, न तुटलेली. त्या कुंड्यांतून येणारं आपल्या भंडाऱ्याचं पाणी भांड्यात राहिलं की चुना धरतो ना, तसा चुना. भांड्याचा चिंचेने निघतो. काकूने चिंच लावली, लिंबू लावलं, वीट घासली. कातडी निघाली, रेघ निघाली नाही. विनायकने डॉक्टर केला. डॉक्टरने मलम दिलं.

पुढच्या वर्षी पूर्णिमाला शाहपुरच्या शाळेने मुलींना रांगोळी शिकवायला बोलावलं, तेव्हा रेघ गुडघ्याच्या वर होती. तिला रांगोळी काढायला इंदूरचं बोलावणं आलं, त्या आठवड्यात काकूने साडी नेसवताना पाहिलं, कमरेला होती.

परवा पेपरात पूर्णिमाचा फोटो आला. पाहिलात ना? मोठा आलाय. संध्याकाळी वैशाली आमच्याकडे विरजण मागायला आली होती. काकूने तिला हळूच विचारलं, आता रेघ कुठवर आलीय ग?

वैशालीने विरजणाची वाटी खाली ठेवली... आणि दोन्ही हातांनी पदर ओढून गळा झाकून घेतला.