डोक्यावरून जाणारी होडी

तो आला तोच मुळी घसरत.

पन्हाळ्याच्या वाटेवरच्या त्या गावात, होडीच्या तळ्याच्या मातीच्या बांधाखाली, त्रिशला पाझराचं पाणी फडक्यातून गाळून घागरीत भरत होती. पावसाळा सरत आलेला. गवत ओलं, ऊन कोवळं... आणि वरून एक फेटा आला गडगडत. त्याच्यामागून फेट्याचा मालक. आधी बूट, मग गुडघे, मग सगळाच्या सगळा माणूस, थेट तिच्या पायांशी.

त्रिशलानं घागर तेवढी उचलून बाजूला घेतली.

"पावणं," ती म्हणाली, "बांध बघाय आलायसा, का घसरगुंडी खेळाय?"

"बांधच," तो चिखलात बसूनच म्हणाला. "जरा जवळनं बघावा म्हटलं."

तिला हसू आवरेना. अशा वेळी पुरुष चिडतात, हा स्वतःच हसत होता!

त्याचं नाव श्रेणिक. दरबारानं कोल्हापूरहून पाठवलेला नवा ओव्हरसियर. दसऱ्याला महाराजांचे पाहुणे इथं नौकाविहाराला येणार होते, त्याआधी हा म्हातारा बांध धड आहे की नाही, ते त्यानं बघून सांगायचं होतं. तळं कुण्या जुन्या काळी निव्वळ हौसेनं बांधलेलं. पण हौसेचं असलं तरी पाणी ते पाणीच, आणि बांधाखाली घरं होती. त्यातलं पहिलं घर त्रिशलाचं. ती एकोणीस वर्षांची, गावातल्या मुलींच्या शाळेत धाकट्या वर्गाला शिकवायची, आणि लग्नाचा विषय निघाला की तिला नेमकी शाळेची आठवण व्हायची.

तिनं त्याला ओंजळीत पाणी घातलं. मग फडकं उलटं करून, वर पाणी ओतून, त्यात अडकलेले बारीक जीव पुन्हा पाझरात सोडले. तो बघतच राहिला.

"आमच्याकडं आई अगदी असंच करते," तो म्हणाला. म्हणजे हाही जैनाघरचा. का कोण जाणे, तिला ते ऐकून उगाचच बरं वाटलं.

"आता हलू नका," ती एकदम म्हणाली. "वर बघा."

बांधाच्या कडेवर आभाळ टेकलेलं होतं. त्या कडेवरून एक तांबडं छत हळूहळू सरकत आलं. खाली होडी दिसेना, वल्ही दिसेनात, पाण्याचा तर थेंबही नाही... नुसतं तांबडं छत, टोकाला इवलंसं निशाण, त्यांच्या डोक्यांवरून, घराच्या कौलांवरून, निळ्या हवेतून तरंगत चाललेलं. नावाडी ज्ञानू पाहुण्यांसाठी होडी चालवून बघत होता.

श्रेणिकचा आवाज खाली आला. "म्हणजे... आपण पाण्याखाली उभे आहोत."

"मी तर जन्मापासनं," ती म्हणाली. "पण अजून सवय न्हाय झाली."

त्यानं छतावरची नजर काढली आणि तिच्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग घसा खाकरून कामाचं विचारलं. बांधावर कुठं बीळ आहे का? घूस, खेकडे, साळिंदर? जुन्या मातीचे वैरी तेच.

"न्हाय," त्रिशलानं सांगितलं. एका दमात.

आणि तिच्या मानेमागं, करवंदीच्या जाळीत, तिनंच काटक्या सारून झाकलेलं बीळ होतं. साळिंदराचं. मादी होती, नुकती व्यालेली. गावातली माणसं अशा बिळात मिरचीचा धूर कोंडतात, हे तिला ठाऊक होतं. ज्या घरात पाण्यातला न दिसणारा जीवसुद्धा परत पाण्यात पोचवतात, त्या घरच्या मुलीनं दिसणारे जीव धुरात घालायचे?

श्रेणिकनं पाझराचं पाणी हातात धरून उजेडात बघितलं. म्हातारा बांध थोडा पाझरणारच, म्हणाला. पाणी नितळ आहे तोवर भीती नाही. गढूळ झालं की समजावं, आतली माती चालली.

मग तो रोज येऊ लागला. पाझर रोज बघावा लागतो म्हणायचा, आणि रोज तहानलेला असायचा. तिच्या घरी राहणारी आत्या, जिला सगळा गाव आक्का म्हणायचा, ती ओसरीवरून डोळे बारीक करून बघायची.

"बांध हिकडं आणि नजर तिकडं," आक्का म्हणाली. "ओव्हरसियर तिरळा हाय की काय गं?"

त्रिशला लाल झाली आणि मुलींच्या शाळेकडं पळाली. तर रविवार होता.

शेवटी एका सकाळी त्यानं सांगितलं, तपासणी संपली. बांध पक्का आहे, तळं दसऱ्यापर्यंत काठोकाठ ठेवायला हरकत नाही, असं तो स्वतः कोल्हापुरात जाऊन सांगणार होता. अजून काही बोलायचं होतं त्याला... ओठांवर आलं, तिथंच घोटाळलं. तो वर चढून गेला. सायकल बांधावर लावलेली होती.

त्रिशला जड मनानं पाणी गाळायला वाकली.

फडक्यावर माती होती.

बारीक, पिवळी, हळदीसारखी. तिनं फडकं धुतलं, पुन्हा गाळलं. पुन्हा तीच माती. तिनं वर बघितलं. तो एवढा मोठा हिरवा बांध, तसाच शांत. आणि त्याच्यामागं ते सगळं पाणी, आभाळाला टेकलेलं, गप्प उभं. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटली.

काट्यातून, गवतातून, पदर सावरत ती धावत वर गेली. तो सायकलवर बसतच होता. तिनं काही न बोलता ओलं फडकं त्याच्यापुढं धरलं. मग म्हणाली, "मी खोटं बोलले. बीळ हाय. पिल्लं हायत म्हणून..."

त्यानं क्षणभर फडक्यावरची माती बोटांत चोळून बघितली. त्या क्षणात तिचं सगळं जग मावलं असतं.

"घरातल्यांना वरच्या अंगाला घेऊन जा," तो म्हणाला, आणि तळ्याचं पाणी ओढ्यात सोडायच्या मोरीकडं धावला.

बांधातल्या त्या मोरीचं लोखंडी दार कित्येक वर्षांत उघडलेलं नव्हतं. ज्ञानू आडवा आला. होडी चिखलात बसंल, पावण्यांना काय दावायचं? पण श्रेणिक तोवर दाराच्या दांड्याला लोंबकळला होता, आणि त्याची धडपड बघून ज्ञानूनंच शेवटी खांदा लावला. दार करकरलं. आणि तळं बोललं... ओढ्याच्या तोंडातून असा गडगडाट उठला की टेकाडावर जमलेला सारा गाव मुका झाला. एवढी ताकद इतकी वर्षं आपल्या उशाशी निजली होती, आणि आपण तिच्या पायथ्याशी पापड वाळवत होतो.

तिसऱ्या प्रहरापर्यंत पाणी खूप खाली गेलं. पाझर बारीक झाला, मग नितळ.

गडीमाणसं मिरच्या घेऊन आली. बीळ उकरून पक्क्या मातीनं ठोकून भरायचं होतं, त्याआधी धूर.

"थांबा," श्रेणिक म्हणाला. "दिवस मावळला की ती आपणहून बाहेर पडते. तोवर बांध थांबेल."

मग वाऱ्याच्या उलट्या बाजूला तो बसला, दोन हातांवर त्रिशला, आणि दोघांच्या मध्ये लक्ष ठेवायला आक्का. आक्काला लगेच डुलकी लागली. निदान तिनं डोळे तरी मिटले.

सूर्य टेकला. करवंदीची जाळी हलली. आधी काळं नाक, मग खळखळ, जणू कुणी चुड्याचा हात हलवावा... आणि पाठीवर काळ्यापांढऱ्या काट्यांचा पिसारा फुलवत ती बाहेर आली. मावळतीचा उजेड काट्याकाट्यावर पेटला. मागून दोन पिल्लं, गडबडीनं. मिरच्यांची टोपली धरलेल्या गड्यानंसुद्धा नकळत हात जोडले. ती तिघं गवतातून टेकडीकडं निघून गेली, आणि गड्यांनी उरल्या उजेडात बिळाच्या तोंडावर दगड रचले.

"तुम्ही रागावलाय," त्रिशला हळूच म्हणाली.

"रागावलो होतो. बांध गेला असता." तो थांबला. "पण खोटं मीही बोललो."

"काय?"

"पाझर आठवड्यातनं एकदा बघितला तरी चालतो."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला, पण डोळे उघडेच राहिले, आणि त्यांतून सगळंच सांडलं.

"मग रोज का येत होता?"

"तहान," तो म्हणाला. "अजून हाय."

"इचारा की मग तिच्या बापाला," डोळे न उघडता आक्का म्हणाली. "मला झोपू द्या."

त्या दसऱ्याला होडी चिखलातच राहिली. पाहुणे दुसरीकडं गेले, श्रेणिकला वरिष्ठांची बोलणी खावी लागली. ती त्यानं निमूट खाल्ली, आणि मार्गशीर्षात आईला घेऊन गावात आला, या वेळी न घसरता.

पुढच्या पावसाळ्यानंतर, दुरुस्त बांधामागं तळं पुन्हा भरलं. दाब सोसतो का बघायला होडी फिरवायची होती, आणि ओव्हरसियरानं बायकोला सोबत घेतलं. तांबड्या छताखाली त्रिशला पहिल्यांदाच बसली. बांधाच्या कडेशी आल्यावर तिनं वाकून खाली बघितलं... ते तिचं घर, ओंजळीएवढं. ती कौलं, ती ओसरी. पाझरापाशी आक्का घागर टेकवून, मान वर करून उभी, बोटाएवढी.

त्रिशलाचा हात आपोआप श्रेणिकच्या हातात गेला. एवढं पाणी, आणि मध्ये नुसती माती.

"भ्यालीस?" त्यानं विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. या वेळी ते खरं होतं.