ज्यानं लावला त्यानंच काढायचा

त्या सकाळी मी पाव विकायला निघाले होते, बाकी काही मनात नव्हतं. ऑक्टोबरात आमच्या पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरांतली पानं लाल-पिवळी झाली की शहरातली माणसं ती बघायला वाफेच्या गाडीनं वर जातात. एकेकाळी या रुळांवरून नुसतं लाकूड आणि कोळसा जायचा. आता मालगाडी आठवड्यातून एकदा, आणि शनिवारी ही सहलीची. ती चालवते माझी लेक, ड्रीमा.

पेपरोनी, म्हणजे तिखट सॉसेजचे तुकडे, भरलेले पाव टोपलीत गरम होते. धुकं असं दाट, की पुलाखालचा ओढा नुसता ऐकू येत होता. यार्डात पोचले तर गाडी भरलेली, इंजिन वाफेवर, आणि हलायचं नाव नाही. आमचा गार्ड क्लोव्हिस माझ्याकडे धावतच आला.

"डेल्फीमावशी, पाव ठेव बाजूला आणि आधी तुझ्या पोरीला समजाव. दीडशे माणसं बसलीत आत."

"का, काय केलं तिनं?"

"काही करत नाही, हेच तर!"

इंजिनासमोर रुळांच्या मधे काठी रोवलेली. काठीला निळा झेंडा.

निळा झेंडा म्हणजे गाडीखाली माणूस आहे. तो असताना इंजिन बोटभरही हलवायचं नाही. आणि ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा. मालकानंही हात लावायचा नाही. रेल्वेत पाऊल टाकणाऱ्याला आधी हे शिकवतात.

"मी सगळ्यांना विचारलं," ड्रीमा इंजिनाच्या पायरीवरून म्हणाली. "आम्ही सहाजण आहोत, सहाच्या सहा समोर उभे. कुणीच लावला नाही म्हणतात."

"मग कुणीतरी चेष्टा केली असेल," क्लोव्हिस म्हणाला. "दोनदा बत्ती घेऊन खाली बघितलं मी. उंदीरसुद्धा नाही. काढतो मी तो."

"हात लावून तर बघ," ड्रीमा म्हणाली. "माझ्या बापाचं काय झालं ते या खोऱ्यात कुणाला सांगायला नको."

क्लोव्हिस एक पाऊल मागे सरकला. मी टोपली खाली ठेवली.

माझा नवरा होबर्ट याच यार्डात मालगाडीचा ड्रायव्हर होता. एका शनिवारी त्यानं मोकळे डबे मागे ढकलले आणि त्यांच्याखाली ऐसा नावाचा आमचा माणूस होता, तो जागीच गेला. ऐसा चाकं तपासायचा. हातोडीनं एकेक चाक वाजवून आवाजावरून तडा ओळखायचा. एकटा जीव, ना बायको ना पोर. जेवायला पुष्कळदा आमच्याकडे असायचा.

होबर्ट शपथेवर म्हणाला, "झेंडा नव्हता." माणसं म्हणाली, "ऐसा वीस वर्षांत एकदाही झेंड्याशिवाय खाली शिरला नाही. तुझंच लक्ष नव्हतं." होबर्टला इंजिनावरून उतरवलं. पुढं तो लाकडाच्या गिरणीत फळ्या उचलत म्हातारा झाला. ड्रीमाला शाळेत पोरं चिडवायची, "तुझा बाप आंधळा." अंथरुणात होबर्ट मला विचारायचा, "डेल्फी, मला दिसला नाही, का तो नव्हताच गं?" मरेपर्यंत विचारत राहिला. मी म्हणायची, "झोपा आता."

क्लोव्हिसनं शेवटी मन घट्ट केलं. तो झेंड्यापाशी वाकला, हात पुढे केला.

टक्.

तिसऱ्या डब्याखालून आला तो आवाज. लोखंडावर लोखंड. मग थोडं थांबून... टक्. मग पुढच्या चाकावर... टक्.

क्लोव्हिसचा हात तिथंच थबकला. "कोण आहे रे?" त्यानं हळूच विचारलं. तो तिसऱ्या डब्यापाशी गेला. गुडघ्यावर बसून बत्ती फिरवत राहिला. "मावशी... कुणी नाही इथं. देवाशप्पथ कुणी नाही." आणि तो बोलत असतानाच, त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर, चाक वाजलं.

वास मला ओळखता आला. ओली लोकर आणि विंटरग्रीनच्या पाल्याचा वास दिलेला तंबाखू. ऐसा जेवायला बसला की आमच्या टेबलावर येणारा तोच वास.

ड्रीमा खाली उतरली होती. "आई, काय झालं?"

तेवढ्यात कुठल्यातरी खिडकीतून एक बाई ओरडली, "अहो, निघणार कधी?" मला कळलं की आता मी बोलले नाही, तर थोड्या वेळानं कुणीतरी तो झेंडा उपटणारच. दुसऱ्यांदा.

मी तिसऱ्या डब्यापाशी गेले. वाकायला गुडघे तयार नव्हते. उभ्यानंच बोलले.

"ऐसा. मी डेल्फी."

टक्टक थांबली.

"तो झेंडा मी नेला होता. दर शनिवारी मी तुम्हा सगळ्यांचे झेंडे धुवायला न्यायचे ना... तुझा रुळांत उभा होता, काजळीनं काळा झालेला. निळा आहे ते कळेना. वाटलं, कुणीतरी विसरलं. काठीसकट उचलून नेला. तू गेलास ते लोक मला सांगायला आले, तेव्हा तो माझ्या साबणाच्या पाण्यात होता. मी तो वाळवला, इस्त्री केली आणि पेटीत इतरांबरोबर ठेवून दिला. कुणी मोजलेच नाहीत." श्वास लागला मला. "होबर्टचा दोष नव्हता. तुझाही नव्हता. बाहेर ये, बाळा. तुझं काम झालं."

मागे वळायचा धीर होईना. ड्रीमानं सगळं ऐकलं होतं.

"बाबांना सांगितलंस कधी?"

"नाही."

"ते मरत होते तेव्हाही?"

"तेव्हाही नाही." ती इंजिनाकडे चालू लागली. रागाचं काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

इतक्यात इंजिनानं वाफ सोडली. पांढरा ढग समोरच्या रुळांवर पसरला आणि विरला. झेंडा तिथं नव्हता. काठीचं भोकही नव्हतं. क्लोव्हिस पुटपुटला, "मी नाही काढला..."

"माहीत आहे," ड्रीमा म्हणाली. "मी काढणारा हात बघितला."

कुणाचा, ते तिनं सांगितलं नाही. पायरी चढताना मात्र ती थांबली आणि यार्डातल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या बापानं बरोबर बघितलं होतं. सगळ्यांनी ऐकलंत ना?" टोप्या काढल्या त्यांनी. होबर्टला ते एकदा बघायला मिळायला हवं होतं.

गाडी सुटली. डबे एकेक करून माझ्यासमोरून गेले, धुक्यात शिरले, आणि शिटी डोंगरात वर वर जात राहिली. मी टोपली उचलली. रडूही येत होतं आणि हलकंही वाटत होतं.

जाता जाता तिसरा डबा उभा होता तिथं नजर गेली.

धुक्यानं आणि वाफेच्या ठिबकण्यानं सगळी खडी काळी भिजलेली. मधे एक जागा कोरडी होती. ऐसासारखा उंच माणूस कुशीवर, गुडघे मुडपून पडावा तशी. ती मला अपेक्षित होती, म्हणून तिची भीती नाही वाटली.

तिच्या शेजारी आणखी एक होती. लहान, आखूड पायांची, माझ्या चणीची. तोवर मी एकदाही खाली वाकले नव्हते, क्लोव्हिसला विचारा.

मी कशीबशी वाकून तिच्यावर हात ठेवला. खडी ऊबदार होती, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी. इतकी वर्षं मीही तिथंच, त्याच्याशेजारी पडून होते.