दोनदा ठकठक

पत्रे बसवायला वर एक माणूस लागतो आणि खाली एक. ताईच्या नव्या घरावर वर मी होतो, खाली आमचा धाकटा. त्यानं उंच लाकडी घोडीवर उभं राहून आकड्याचा बोल्ट पाइपाला अडकवायचा, टोक पत्र्याच्या भोकातून वर काढायचं आणि पत्र्यावर दोनदा ठकठक करायची. मग मी नट आवळायचा. हाका मारून उपयोग नसतो, पत्र्याच्या दणदणाटात काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

त्या दिवशी घाई होती. ताईला भाड्याची खोली संध्याकाळी रिकामी करून द्यायची होती, त्यात कडेवर आठ महिन्यांचं बाळ. म्हणून मी सकाळपासून धाकट्यावर खेकसत होतो. दुपारी मात्र गडी असा सुटला की विचारू नका! एक नट आवळेपर्यंत पुढच्या भोकात टोक हजर. ठकठक. "अरे, दमानं घे की!" मी म्हणायचो, पण मनातून खूश होतो.

शेवटच्या पत्र्यापाशी आलो आणि शिडीवरून धाकट्याचं डोकं वर आलं. हातात बोल्टची नवी पिशवी.

"दादा, चिडू नकोस. दुकानात ही गर्दी! तासभर खोळंबलास ना?"

"तू... आत्ता येतोयस?"

"बोल्ट संपले म्हणून ओरडून सांगून गेलो होतो. घोडीसुद्धा बाहेर काढून ठेवलीय, ती बघ."

घोडी अंगणात होती.

ठकठक.

शेवटच्या भोकातून टोक वर आलं. धाकट्यानं माझा दंड घट्ट धरला. मी पान्यानं ते टोक खाली ढकललं. बोल्ट गेला, पण फरशीवर पडल्याचा आवाज आला नाही.

आत जाऊन पाहिलं. रिकामी खोली. छत तेरा फुटांवर. फरशीवर बोल्ट नव्हता.

"ताईला सांगू या..." धाकटा कुजबुजला.

"सांगून ती जाईल कुठे?" मी म्हणालो. आता वाटतं, तेव्हाच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला हवी होती. ते भोक तसंच सोडून आम्ही निघालो, आणि संध्याकाळी ताई राहायला आली.

काल तिचा फोन आला.

"अरे, पत्र्याला एक भोक राहिलंय बघ. दुपारी पाळण्यात उजेडाचा ठिपका पडतो."

"येतो... बुजवतो."

"मधेच नाहीसा होतो रे तो. ऊन तर रखरखीत असतं. बाळ मात्र वर बघून हसतच राहतं. आणि हल्ली काय करतं माहितीये? खुळखुळा पाळण्यावर दोनदाच आपटतं आणि वर बघत थांबतं. तुमच्यापैकी कुणी शिकवलं रे याला?"