बेटं जुळेपर्यंत

"हे मशीन बंद ठेवता येईल? दहा तास…"

बर्फाची लादी ओढणारा तरुण थांबला. "बर्फाच्या कारखान्यात येवन सांगतंस, बर्फ फोडू नको?"

"टेबल हलतं. चित्रं पुसट येतात."

"धा तास माका आयशीनपण कधी गप बसवल्यान नाय." तो हसला. ओळखदेख नसताना त्याने मला सकाळी ऑफिसातलं टेबल रिकामं करून दिलं होतं. नाव सर्वेश, एवढंच कळलं होतं.

बाबांच्या आजारपणात मी पुण्याची प्रयोगशाळा सोडून मालवणात आले आणि प्रबंधाचा शेवटचा प्रयोग राहून गेला. पेशीभोवती चरबीचा पातळ पडदा असतो. तसाच पडदा बनवून थंड केला की त्यात बेटं दिसू लागतात, एकमेकांना भेटत मोठी होतात. ती कशी वाढतात हे सूक्ष्मदर्शकातून सलग टिपायचं होतं. घरी तीनदा वीज गेली, पडदा तापला, बेटं विरघळली. इथे जनरेटर होता. सोमवारी निकाल दिला नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

जाण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात बाबांनी विचारलं होतं, "बेटां इली काय गो?" मी खोटंच हो म्हटलं होतं. ते मला खरं करायचं होतं.

मशीन थांबलं. थोड्या वेळाने बाहेरून ठोके ऐकू आले. सर्वेश लांब अंगणात, हातोड्याने बर्फ फोडत होता.

"मशीन बिघडला काय रे?" बर्फ न्यायला आलेल्या होडीवाल्या भाईंनी विचारलं.

"नाय भाई. आत बेटां वाढतत."

"बेटां की आणखी काय?"

मी मान वर केली नाही… पण कान तापले.

संध्याकाळी दहा तास भरले. मी त्याला बोलावलं. त्याने भिंगाला डोळा लावला. दोन बेटं टेकली – आधी काजूसारखा आकार, मग हळूहळू गोल.

"आता ही परत वेगळी होतली?"

"तापवलं तर."

"मगे तापव नको."

त्याचे तळवे लाल झाले होते, एका बोटाला काप. मी त्याचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार.

"उद्या पुण्याला जाते. निकाल देऊन बुधवारी परत येईन."

"आणखी प्रयोग आसा?"

"नाही. तुझ्यासाठी येईन."

त्याने हात सोडवून घेतला नाही.

"बुधवारी खंयच्या गाडीन?" तो म्हणाला. "कुडाळ स्टेशनार न्हेवक येतंय."