पोळ्याच्या दिवशीची फियाट

जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप बदलणं हे काही मोठं काम नाही. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, नव्या क्लिपा आणि अंगाखाली टाकायला एक पोतं, बस. मी अकोल्याच्या एका तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवतो. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं, भेगांतून पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं आणि गाडीची होळी होते, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. घरच्या फियाटचे पाइप मात्र मी कधी पाहिलेसुद्धा नव्हते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

बाबांनी, म्हणजे जानरावांनी, उभा जन्म अमरावतीच्या जिनिंगमध्ये काढला. कापसाच्या धुळीनं छातीचा भुगा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना अकोल्याच्या छातीच्या दवाखान्यात भरती करायचं होतं. ओसरीतून मोरीपर्यंत गेले तरी त्यांना धाप लागायची, पण ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं की हटून बसायचे.

"दुसऱ्या गाडीत मले दम भरते. माह्या फियाटनंच येतो."

फियाटमध्ये त्यांचा श्वास मोकळा व्हायचा, हे खरं. मनाचे खेळ, असं मी म्हणायचो. मला धास्ती वेगळीच होती. वाटेत गाडी पेटली, तर या माणसाला दार उघडून पळता येणार नव्हतं. म्हणून मी नवे पाइप घेऊन पोळ्याच्या आदल्या दिवशी नांदगाव पेठेला घरी आलो.

अंगणात आई फियाटचं बोनेट पळसाच्या पानानं चोळत होती. कोमट पाणी, हळद, लोणी. घरी बैल होते तेव्हा ती त्यांचे खांदे असेच शेकायची. बैल गेले, वावरात ट्रॅक्टर आला, पण आईचा, गोदाबाईंचा, हात काही थांबला नाही.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ती गाडीला म्हणाली.

"आई, लोण्यानं रंग खराब होते ना."

"तू कॉलेजात शिकव. इथं गुमान राय."

सकाळी मी पोतं अंथरलं तशी ती पुरणाच्या हातानंच धावत आली.

"आज पोया हाय, किशोर. आज त्याले हात लावू नोको."

"मी काय जुंपून राहिलो काय त्याले? दुरुस्तच करून राहिलो."

"एकच झालं."

मी गाडीखाली सरकलो. इंजिनाकडचा पाइप बोट लागताच पापडासारखा चुरला. तो बदलला आणि पुढे टाकीकडे गेलो. टाकीकडून येणारी लोखंडी नळी आणि इंजिनाकडे जाणारी लोखंडी नळी, या दोन तोंडांमध्ये रबरी पाइप असतो.

तिथं पाइप नव्हता.

हातातली बॅटरी पाजळून पाहिलं. मधल्या जागेत कोळ्याचं जाळं, त्यावर धुळीचा जाड थर. टाकीकडच्या नळीचं तोंड कुंभारमाशीनं मातीनं लिंपलेलं. माती जुनी, वाळून दगड झालेली. त्या गाडीत पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचायला वाटच नव्हती. आणि बाबा गेल्याच आठवड्यात तीच गाडी घेऊन बडनेऱ्याला जाऊन आले होते.

"बाबा," मी खालूनच विचारलं, "पेट्रोल कवा भरलं होतं?"

ओसरीतून उत्तर आलं. "याद नाई."

"म्हंजे?"

"मांगत नाई ते."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्यात भीती कमी आणि नवल जास्त होतं. ज्या यंत्राचा खिळा न् खिळा मला पाठ होता, त्यासमोर हात जोडावेसे वाटले. पण शिकवणाऱ्या माणसाची खोड जात नाही. मी तारेनं माती खरवडली, पेट्रोल वाहिलं, नवा पाइप चढवून क्लिपा आवळल्या.

गाडी सुरू झाली नाही. पेट्रोल पोहोचत होतं, ठिणगी पडत होती, इंजिन फिरत होतं, पण धरत नव्हतं. दुपारपर्यंत मी घामाघूम झालो. तेवढ्यात आईची हाक आली. बाबा बाजेवर उठून बसले होते, ओठ जांभळे, मान ताणलेली.

"काढ ते," ते म्हणाले.

"बाबा, पेट्रोलबिगर—"

"काढ."

मी क्लिपा सोडल्या, पाइप ओढला. तोंडावर धार यायला हवी होती. थेंबही आला नाही. नळीच्या तोंडाशी माती होती. ओली, नुकतीच लिंपलेली.

ओसरीत बाबा शांत झाले होते. आईनं पुरणपोळीचं ताट बंपरपुढे ठेवलं. या वेळी मी तिला टोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. मी चालवत होतो, बाबा शेजारी, आई मागे. बाबा खिडकीतून कपाशी पाहत मजेत बोलत होते, धाप नाही की खोकला नाही. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. मी इंजिन बंद केलं.

बाबांचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. घरघर नाही, धडपड नाही. छाती नुसती हलायची थांबली.

"अवो," आई म्हणाली. "अवो, आयकता काय?"

मी किल्ली फिरवली. का, ते सांगता येणार नाही. इंजिन सुरू झालं आणि बाबा म्हणाले, "...औंदा कपाशी बरी हाय."

मी उतरलो. चालू गाडीखाली सरकून इंजिनाकडच्या उघड्या नळीपुढे तळहात धरला. ऊन वारा आला. थांबला. आत ओढला गेला. पुन्हा आला. वर खिडकीतून बाबांचा श्वास ऐकू येत होता. दोन्ही एका लयीत होते. याआधी गाडी बंद असली तरी बाबांचा श्वास चालू असायचा. काल मी गाडीच्या पोटात हात घातला होता.

चहा न घेता, इंजिन बंद न करता मी थेट अकोला गाठलं. आईनं मागून बाबांच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो उचलला नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी चौकीदारानं काठी आडवी धरली.

"इंजन बंद करा साहेब. पेशंटले इथंच उतरवा."

बाबांनी आज्ञाधारकपणे मान हलवली. घरी हटून बसणाऱ्या बाबांनी बाहेर मात्र सगळा जन्म कुणाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. त्यांचा हात डॅशबोर्डावरच्या किल्लीकडे गेला.

मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. त्यांची नाडी इंजिनासारखी एकसारखी थरथरत होती.

"काहून?" त्यांनी हसून विचारलं.

चौकीदारानं पुन्हा काठी आपटली.