बुवापाड्याची लाईन क्लिअर

"बुवापाड्याची लाईन क्लिअर आहे का रे? मग मी घेतो!"

मी केस पुसत दारात आले आणि हे कानावर पडलं. आमच्या पिंपळाखाली एक उंचापुरा मुलगा मोबाईलवर बोलत होता... तेही माझ्याकडे बघत! माझा पारा चढला.

"काय रे, कुणाची लाईन क्लिअर विचारतोस? चप्पल पायातच आहे माझ्या!"

तो गडबडला, मग असा काही हसला की मलाही हसू आवरेना.

"अहो मॅडम, विजेची लाईन! तिकडे आमचा जनू सप्लाय बंद करतो. तो 'क्लिअर' म्हणाला की मगच मी शिडीवर चढतो. मी राजरत्न, वायरमन. फांद्या तोडायला आलोय."

लाजून मेले मी! पण 'तोडायला' ऐकलं आणि बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. हा पिंपळ बाबांनी माझ्या जन्माच्या साली लावलेला. वारा सुटला की फांद्या तारांना लागायच्या, ठिणग्या उडायच्या आणि समोरच्या राजाबाईंची पिठाची चक्की बंद पडायची. झाड मुळासकट काढा म्हणून त्या हटून बसल्या होत्या.

"मुळासकट कशाला, मावशी?" राजरत्न त्यांना म्हणाला. "तारेकडच्या फांद्या खोडाजवळून घेतो. नुसते शेंडे खुडले तर दुप्पट फुटतात. आता झाड यांच्या अंगणाकडे वाढेल."

"या पावसात चक्की एकदा जरी थांबली ना, तर मी कुणाचं ऐकणार नाही," राजाबाईंनी दम भरला.

त्यानं तेवढ्याच फांद्या उतरवल्या. मग तो सारखाच यायला लागला.

"झाड बघायला आलो."

"झाड तुझ्या मागे आहे. इकडे काय बघतोस?"

"इकडेही... वाढ चांगली आहे."

"आगाऊ!" म्हणत मी चहा ठेवायची. तो आला नाही की मला करमायचं नाही, खरंच सांगते.

श्रावणातल्या एका दुपारी वारा असा उठला की मोरिवलीकडचे पत्रे उडाले. शेजारच्या गल्ल्यांची लाईट गेली. मी जीव मुठीत धरून दारात उभी. पिंपळ पार वाकत होता... पण तारेला त्याचं पानही लागलं नाही. आणि समोर चक्की घरघरतच होती!

"चालू आहे! चालू आहे!" मी भर पावसात नाचले.

वारा पडल्यावर राजरत्न आला, नखशिखांत भिजलेला.

"माया, झाड तर वाचलं... पण मला— म्हणजे—"

"पण काय?"

"अरे, विचार की लाईन क्लिअर आहे का म्हणून!" पिठानं पांढऱ्या झालेल्या राजाबाई चक्कीतून ओरडल्या. "पहिल्या दिवशीचं तिचं भांडण सगळ्या गल्लीनं ऐकलंय!"

मागे बाबा खो खो हसत होते. मी मान वर केली.

"क्लिअर आहे. पण जपून हां... इथला सप्लाय कुणी बंद केलेला नाही."

त्यानं रबरी हातमोजे काढून खिशात कोंबले आणि सगळ्यांच्या देखत माझा हात धरला.