पंप बदलला तो रविवार

मिरजेच्या स्टेशन चौकात आम्रपालीची व्हॅन वळता वळता अडली आणि रस्त्यात आडवी झाली. मागं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागं एसटी, आजूबाजूला रिक्षावाले – सगळे एका सुरात हॉर्न वाजवत होते. तिनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं. खालून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला, चाक मात्र ढिम्म हललं नाही.

"जागेवर वळवू नका. गाडी जरा फुडं घ्या... मी धरतो."

खिडकीतून एक हात आत आला आणि तिच्या हाताशेजारी स्टेअरिंगवर टेकला. खाकी बाही, नखांत काळं ऑइल. पण त्याला वास येत होता वेलदोड्याचा! दोघांनी मिळून व्हॅन कडेला आणली.

"पॉवर स्टेअरिंगचा पंप गेलाय," तो म्हणाला.

"तुम्ही काय डॉक्टर आहात गाड्यांचे?"

"एसटीच्या डेपोत मेकॅनिक. महेंद्र. लोणंदचा." मग जरा थांबून, "मिरजेत जो तो डॉक्टरकडंच येतो... आमच्याकडं कोण न्हाई येत."

"आले की मी," ती बोलून गेली, आणि मग तिला खिडकीची काच वर करावीशी वाटली.

सत्त्याण्णव सालचा तो फेब्रुवारी. आम्रपालीचे वडील जालिंदर मस्कतला ड्रायव्हर होते. परत आल्यावर त्यांनी मुंबईतून ही जुनी परदेशी व्हॅन घेतली आणि जत भागातले पेशंट मिरजेच्या दवाखान्यांत आणण्याचा धंदा सुरू केला. गेल्या महिन्यात ते घसरून पडले, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, आणि स्टेअरिंग आम्रपालीच्या हाती आलं. येत्या सोमवारी जतच्या चंद्राबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. एक डोळा आधीच गेलेला. तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती, आणि असल्या स्टेअरिंगवर जतचा रस्ता... नकोच.

ड्यूटी सुटली की महेंद्र रोज त्यांच्या घरी चक्कर मारू लागला. "जय भीम, काका," म्हणत आत यायचा, गाडीखाली शिरायचा. आम्रपाली बॅटरी धरायची. उजेड कधी पंपावर पडायचा, कधी त्याच्या मानेवर.

"बॅटरी हलतीय," तो खालून म्हणायचा.

"हात भरून आलाय."

"मग दुसऱ्या हातानं धरा. मला घाई न्हाई."

सांगलीत पंप मिळेना. शुक्रवारी तो म्हणाला, "साताऱ्यात मिळंल. प्रियंकाकडं."

"प्रियंका... कोण?"

"तिच्या वडलांचं जुन्या पार्टचं दुकान हाय. आयटीआयला होतो तवा दिवसभर तिथंच पडलेला असायचो."

"दुकानात?"

"मग कुठं?"

"काही नाही. विचारलं आपलं."

बॅटरी तिनं बंद केली. त्याचं काम अजून चालूच होतं.

रविवारी दुपारी तो साताऱ्याहून परतला तो पंप घेऊन, आणि प्रियंकाला घेऊन. निळा पंजाबी ड्रेस, हसरे डोळे, पाठीवर लांबसडक वेणी. "पुली जुळंल का न्हाई याला कळणार न्हाई, म्हणून मीच आले," ती जालिंदरना म्हणाली आणि ओढणी कमरेला खोचून सरळ गाडीशी गेली. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं. डावीकडची सीट काढून त्यांनी अंगणात ठेवली आणि दोघं आत वाकले.

"मह्या, बेल्ट आधी सोड की रं."

"सोडतोय की, बाई."

मह्या. आम्रपालीनं हे नाव मनात एकदा म्हणून पाहिलं. तिच्या तोंडी ते बसेना. तिनं अजून त्याला महेंद्रसुद्धा म्हटलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात येऊन भाकरी थापायला बसली. वाऱ्यावर कुठूनशी हळद शिजवल्याचा वास येत होता. एरवी तिला तो आवडायचा. आई, जाईबाई, दारातून बाहेर बघत म्हणाली, "किती चुणचुणीत पोरगी हाय गं. तेल सांडलं तरी तोंड वाकडं न्हाई."

"मग ठेवून घे तिला."

"आन् तू परात फोडशील आता. हळू थाप."

बाहेर दोघं हसले. कशाला हसले कळलं नाही, आणि न कळल्यानं तर भाकरीच मोडली.

थोड्या वेळानं प्रियंका हात धुवायला आत आली. जाईबाई चहा घेऊन बाहेर गेली होती. "साताऱ्याला गाडी कवा हाय गं?"

गाडी सातला होती. मिरजेत वाढलेल्या आम्रपालीला हे झोपेतही सांगता आलं असतं.

"पाचला," ती म्हणाली. "त्यानंतर एकदम रात्री."

प्रियंकानं तिच्याकडं क्षणभर पाहिलं. मग पर्स उचलली. अंगणात जाऊन म्हणाली, "मह्या, निघते. स्टेशनपर्यंत येतोस?"

"पंप अर्ध्यावर हाय गं. रिक्षा मिळंल की कोपऱ्यावर."

ती गेली. आम्रपालीला वाटलं होतं, आता बरं वाटेल. वाटलं नाही. नवी पुली, नवा पंप बसला, बेल्ट चढला, आणि प्रेशरचा पाइप जोडायच्या वेळी महेंद्र सगळीकडं शोधू लागला.

"तांब्याचे वायसर कुठं गेले? दोन होते, कागदाच्या पुडीत." मग कपाळाला हात लावून म्हणाला, "प्रियंकाच्या पर्समधी राहिले. जुने चेपलेत. ते घातले तर तेल गळणार."

"दुकानं?" जालिंदर खाटेवरून म्हणाले.

"रविवार हाय, काका. सगळी बंद."

जतला चंद्राबाई गाठोडं बांधून बसली असणार. आम्रपालीनं चपला घातल्या.

"मी आणते."

"गाडी गेली असंल आता," महेंद्र म्हणाला.

"नसेल गेली," म्हणत ती बाहेर पडली.

प्रियंका फलाटावरच्या बाकावर एकटीच शेंगा सोलत बसली होती. आम्रपाली धापा टाकत समोर उभी राहिली.

"पाचला गाडीच न्हाई म्हणं," प्रियंका म्हणाली. "हमाल हसला मला."

"मी खोटं सांगितलं."

"कळलं ते. तवाच कळलं."

"मग निघालात कशाला?"

प्रियंकानं पर्समधून पुडी काढली. उगीच तळहातावर घोळवत राहिली. "ही मी मुद्दाम ठेवली होती. वाटलं, वायसर न्यायला तो येईल. जरा वेळ बसंल इथं... साताऱ्यापासून सांगायचं होतं त्याला काहीतरी. पण गाडीत तोच बोलत होता. तू चौकात काय म्हणालीस, बॅटरी कशी धरतीस. कराड आलं, किर्लोस्करवाडी आलं... माझी पाळीच न्हाई आली."

तिचा आवाज जरासा चिरकला. आम्रपाली तिच्या शेजारी बसली. जिच्यावर दुपारपासून जळत होती तीच आपल्यावर जळत बसली होती, आणि त्याचा आनंद काही केल्या होईना.

"माफ कर मला," ती म्हणाली.

"करीन. आज न्हाई." प्रियंकानं पुडी तिच्या हातात दिली. "जा. पाइप उघडा ठेवू नका, कचरा जातो आत."

घरी आल्यावर वायसर बसले, पाइप आवळला गेला, तेल भरलं. पुढची चाकं जॅकवर उचललेली. जालिंदर आंघोळीला आत गेले होते.

"आता हवा काढायची," महेंद्र म्हणाला. "तुमी स्टेअरिंगवर बसा. मी तेलाकडं बघतो."

ती बसली. शेजारची सीट अजून अंगणातच होती. त्या मोकळ्या जागेत तो वाकला होता, तिच्यापासून हातभर अंतरावर.

"डावीकडं... पार शेवटापर्यंत. आता उजवीकडं. सावकाश."

"बुडबुडे येतात?"

"येत्यात अजून."

तिनं पुन्हा वळवलं. "प्रियंकाला मी गाडीची वेळ खोटी सांगितली... मुद्दाम."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग मान वर न करता म्हणाला, "हे बरं न्हाई केलंस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तो पहिल्यांदाच एकेरीत बोलला होता, हेही तिला ऐकू आलं.

"माहीत आहे. तिची माफी मागून आले."

"का केलंस पण?"

"ती मह्या म्हणते तुम्हाला."

"सगळं लोणंद म्हणतं."

"लोणंदचं मला काही नाही..."

आता त्यानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तेलातले बुडबुडे कधी थांबले ते दोघांनाही कळलं नाही.

"उद्या जतला मी येतो," तो म्हणाला.

"पंप बघायला?"

"पंप एकदा बसला की बघावा लागत न्हाई."

"मग कशाला?"

"ही सीट आता परत बसवायची. तिच्यावर कुणीतरी बसाय नको?"

तिनं एका बोटानं स्टेअरिंग फिरवलं – ते अलगद, आवाज न करता फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जतच्या माळावर व्हॅन थांबली. टँकरसाठी लावलेल्या घागरींच्या रांगेतून वाट काढत चंद्राबाई आली, चाचपडत मागच्या सीटवर बसली. एका डोळ्यानं तिनं पुढं पाहिलं. धुरकट काहीतरी दिसलं.

"फुडं कोण बसलाय गं पोरी? तुझा बा न्हवं हा."

महेंद्र खिडकीबाहेर पाहू लागला. आम्रपालीनं गाडी गिअरमध्ये टाकली.

"आमचाच हाय, मावशी," ती म्हणाली. "नीट धरून बसा."